मदत हवी आहे: मे महिन्याच्या सुट्टीत गावात हिप-हॉप शिबिर (डिचोली तालुका, गोवा)

कुळागर_७:
नमस्कार मंडळी. गावातल्या १२ ते १७ वयाच्या तीस मुलांसाठी मे महिन्यात चार आठवड्यांचं हिप-हॉप शिबिर ठरलंय. त्यात अकरा मुली आहेत. जागा शाळेचा हॉल, ३० बाय २५ फूट, खाली मोझेकची लादी. शिकवणारा म्हापशाहून येतो. ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपमधला जमिनीवर हात टेकून करायचा नाच, उत्तम करतो, पण मुलांना शिकवायची सवय नाही. शेवटी पालकांसमोर कार्यक्रम हवा असं पंचायतीचं म्हणणं. आमचा खरा हेतू मात्र पोरांच्या अंगी थोडी धिटाई यावी, हा. लादीवर काय घालायचं, वेळ कुठली ठेवायची आणि चार आठवड्यांची आखणी कशी करायची?

ठेकेदार:
शेवटी कार्यक्रम आहे म्हटलं की पहिल्याच दिवसापासून डान्स ‘बसवायला’ घेतात आणि शिबिराचं गॅदरिंग होतं. चार चपळ पोरं पुढच्या रांगेत, बाकीची मागे हात हलवत उभी. हे टाळायचं तर शिबिर संपताना प्रत्येकाकडे स्वतः रचलेले आठ काउंट, म्हणजे आठ ठोक्यांचा नाच, हवा. कार्यक्रमातही तेच दाखवा.

रोज ९० मिनिटं पुरतात: १५ वॉर्मअप (मनगटं, घोटे आणि मान चुकवू नका), २५ बाउन्स (ठोक्याला गुडघे लवचिक वाकवणं) आणि ग्रूव्ह (तालावर अंग झुलवणं), २५ नवी स्टेप, १५ सायफर, १० स्ट्रेचिंग. सायफर म्हणजे गोल करायचा आणि एकेकाने आत येऊन नाचायचं. सगळी धिटाई तिथेच येते आणि तिथेच मोडतेही. तीस जणांचा एकच गोल कधी करू नका. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) गाण्यात आठ काउंटला साधारण सव्वापाच सेकंद लागतात. प्रत्येकाला चार वेळा आठ दिले तर २१ सेकंद, म्हणजे शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत दहा मिनिटं गेली. तोवर त्या पोराच्या पोटात गोळा आलेला असतो. दहा-दहांचे तीन गोल केले की साडेतीन मिनिटांत फेरी होते. पहिला आठवडा जोडीने आत जाऊ द्या. दुसऱ्यापासून एकट्याने, पण आधीच्याची शेवटची हालचाल उचलून सुरुवात करायची. काय करू, हा प्रश्नच उरत नाही.

तालाचं म्हणाल तर शिगम्यात ढोल-ताशे ऐकत वाढलेल्या पोरांना ठेका शिकवावा लागत नाही. अडचण दुसरीच असते: टाळी एकवर पडते आणि अंग ठोक्याला वर उसळतं. इथे टाळी दोन आणि चारवर, स्नेअरबरोबर (ड्रमचा कडक ‘टाक’ आवाज), आणि गुडघे ठोक्याला खाली. पहिले तीन दिवस स्टेप कमी, बाउन्स जास्त. हे कच्चं राहिलं तर पुढचं सगळं कवायतीसारखं दिसतं.

एखाद्या दिवशी दहा मिनिटं इतिहासही सांगा. ११ ऑगस्ट १९७३, न्यू यॉर्कचा ब्रॉन्क्स: हिप-हॉपचा जन्म इथला मानतात. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून बहिणीने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली आणि भाऊ, डीजे कूल हर्क, याने रेकॉर्डी लावल्या. गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा, म्हणजे ब्रेक, तो लांबवत राहायचा. त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. हॉल शाळेचा असला म्हणून कमीपणा नाही, हे पोरांना न सांगता कळतं.

रंधा_मारा:
मोझेकवर थेट फूटवर्क (हात टेकून, बसत्या अंगाने पाय फिरवणं) नको. गुडघे सोलतात, आणि दमट हवेत लादीला घाम आला की पाय सटकतो. १२ मिमी प्लायच्या ८ बाय ४ च्या सहा शीट घ्या, १६ बाय १२ चा चौक होतो. खाली १० मिमी ईव्हीए फोम, वरून सांध्यांवर कापडी टेप. थर्माकोल दबतो. गादीवर घोटा मुरगळतो. मांडववाल्याकडून भाड्याने फळ्या आणल्यात तर आधी हात फिरवून वर आलेले खिळे ठोकून घ्या. चौकात एका वेळी सहा जणच. बाकीच्यांनी लादीवर टॉपरॉक, म्हणजे उभ्याने करायच्या स्टेप, कराव्यात, तळ सपाट रबरी असलेले कॅनव्हासचे बूट घालून.

पारिजात:
शिकवणाऱ्याला एक बजावून ठेवा: हेडस्पिन, विंडमिल (डोक्यावर, पाठीवर गरगर फिरणं) अजिबात नाही. दुसऱ्या आठवड्यात सिक्स-स्टेप (हात टेकून सहा पावलांत गोल फिरणं), तिसऱ्यात बेबी फ्रीझ (उलटं होऊन हातांवर थिजणं), एवढंच. बेबी फ्रीझमध्ये एक कोपर पोटाच्या कडेला रुततं आणि भार हातांवर येतो. डोकं नुसतं टेकलेलं असतं. पोरं नेमकी उलट करतात, सगळं वजन डोक्यावर टाकतात आणि मान आखडते. मानेखाली हात सरकतो का ते प्रत्येकाचं तपासा.

मुली बहुधा नाचाला कंटाळून गळत नाहीत. कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी घरून येऊ देत नाहीत. मोबाइल दाराशी टोपलीत. चित्रीकरण फक्त पालकांच्या लेखी परवानगीने. हॉलमध्ये पूर्ण वेळ एक बाईमाणूस हवंच. फ्रीझच्या दिवसांत टी-शर्ट ट्रॅकपँटमध्ये खोचून यायला सांगा, म्हणजे उलटं होताना संकोच राहत नाही.

वळवाचा_पाऊस:
वेळ सकाळी साडेसात ते नऊ. मेच्या अखेरीस संध्याकाळी गडगडाट झाला की वीज गेलीच, म्हणून स्पीकर बॅटरीचा घ्या. हॉलच्या तारखा आत्ताच लेखी घ्या, लग्नसराई आहे. शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला असते. ती मेमध्ये येत असेल तर धोंड (देवीचे व्रत धरणारे भक्त) असलेली पोरं व्रतामुळे काही दिवस येणार नाहीत. त्या आठवड्यात नवीन काही काढू नका.

कुळागर_७:
सगळ्यांचे आभार, प्लायचं उद्याच बघतो. आणखी एक: दोन मुलगे येतो म्हणतात, पण नाचणार नाही यावर ठाम आहेत. घ्यायचे का?

ठेकेदार:
घ्याच. त्यांच्याकडे गाणी द्या: वेग मोजायचा, ८५ ते १०० ची एक यादी आणि फूटवर्कसाठी ११० च्या वरची दुसरी. ताशा येत असेल तर तिसऱ्या आठवड्यात एक सायफर ताशावर होऊ दे. पण वेग शंभरच्या आत धरायला सांगा. शिगम्याची लय लागली की सिक्स-स्टेपचा चुराडा होतो. आणि ते हॉलमध्ये नको, मैदानात करा. पत्र्याखाली ताशा घुमला की काउंट कुणालाच ऐकू येत नाहीत.