कुडाळहून काजू, आमसुलं, गरे पाठवतो; कुरिअरचा खर्च कुठे कमी होईल?

रानमेवा_कुडाळ:
घरगुती माल आहे: काजूगर, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसाचे तळलेले गरे. वेबसाइट आणि व्हॉट्सअॅपवरून विक्री. महिन्याला ८०-९० पार्सलं जातात, निम्म्याहून जास्त मुंबई-ठाणे-पुण्याला, बाकी बंगळूर, हैदराबाद, दिल्ली. बुकिंग अॅग्रीगेटरवरून (अनेक कुरिअर कंपन्यांचं बुकिंग एकाच ठिकाणी करून देणारी वेबसाइट), सरफेसने म्हणजे रस्त्याने.

नेहमीची ऑर्डर म्हणजे अर्धा किलो काजू, अर्धा किलो आमसुलं आणि गऱ्यांची २०० ग्रॅमची दोन पाकिटं. बॉक्ससकट काट्यावर १ किलो ७५० ग्रॅम भरतं, बिल मात्र ३ किलोचं येतं. बॉक्स ३ प्लाय (तीन थरांचा पुठ्ठा), ३०×२५×२० सेंमी, उरलेल्या जागेत रद्दी. नुसता अर्धा किलो काजू कुरिअर बॅगेत घालून पाठवला तरी १ किलोचा दर लागतो. सीओडी (माल पोचल्यावर पैसे) चालू आहे. दर घासाघीस करून उतरतात का, की आधी दुसरं काही बघू?

पुठ्ठा_चिपळूण:
घासाघीस नंतर. महिन्याला ८०-९० पार्सलांवर कुणी फारसा खाली येत नाही. तुमचे पैसे बॉक्समधल्या हवेत जातायत.

लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे झालं आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्यावर बिल. ३०×२५×२० म्हणजे १५,०००, भागिले ५००० म्हणजे बरोबर ३ किलो. कुरिअरवाल्याने काही चुकवलेलं नाही. (काही कंपन्या सरफेसला वेगळा भाजक लावतात, तुमच्या दरपत्रकात बघून घ्या.)

आता गंमत अशी की बॉक्सवाला आतलं माप सांगतो आणि कुरिअरचं मशीन बाहेरचं मोजतं. २५×२०×२० चा बॉक्स कागदावर नेमका २ किलो बसतो. पण ३ प्लायचा पुठ्ठा साधारण ३ मिमी जाड, वर-खाली तर फ्लॅपचे दोन-दोन थर. बाहेरून तोच बॉक्स २५.६×२०.६×२१.२ होतो, म्हणजे २.२४ किलो, आणि बिल अडीच किलोचं, कारण दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने (स्लॅबने) चढतो. म्हणून आतून २३×२०×१८ घ्या. बाहेरून सुमारे १.८७ बसतो, २ किलोच्या आत, आणि थोडा फुगला तरी खपून जातो. मशीन सगळ्यात फुगीर जागी मोजतं. गच्च भरून टेपने ओढून बांधलेला बॉक्स मधे पोट काढतो आणि तिथेच पुढचा स्लॅब लागतो.

या बॉक्सात तुमची ऑर्डर बसेल, पण गऱ्यांच्या पाकिटातली हवा कमी करावी लागेल. हवा गरे मोडू नयेत म्हणून असते हे खरं, पण पाकीट फुग्यासारखं टणक लागत नाही, बोटाने दाबल्यावर दबेल इतपत पुरे. काजू आणि आमसुलं खाली आडवी, गरे वर. रद्दीऐवजी फक्त वरच्या थरावर एक पुठ्ठ्याचा तुकडा.

नवीन मापाचे बॉक्स करून घ्यायचे तर कारखाना काही शे नगांखाली हात लावत नाही. तोवर हातातले बॉक्स कापा. चारही उभ्या कडा वरून हव्या तेवढ्या खाली चिरायच्या, त्या पातळीवर सुरीच्या पाठीने पट्टी धरून रेघ दाबायची (कापायचं नाही, दाबायचं) आणि फ्लॅप तिथून आत दुमडायचे. मात्र ३०×२५ च्या तळावर १३ सेंमी उंचीतच २ किलो होतात, म्हणून नवीन बॉक्सचा तळही लहान हवा.

सुट्या काजूचं उत्तर सोपं आहे. स्लॅब ५०० ग्रॅमचा. ५०० ग्रॅम काजू, पाऊच १०-१५, कुरिअर बॅग २०-२५, म्हणजे ५४० च्या आसपास, म्हणून १ किलोचा दर. ४५० ग्रॅमचं पाकीट काढा. व्हॅक्यूम केलं की विटेसारखं घट्ट होतं, अख्खे काजू आत हलत नाहीत, त्यामुळे तुकडा कमी पडतो. पाऊच मात्र नायलॉनचं जाड घ्या, पातळ पाऊचला काजूची टोकं भोक पाडतात. पाकीट ठरावीक मापाचंच हवं अशी सक्ती आता नाही, ४५० ग्रॅम चालतं. लेबलवर निव्वळ वजन, एमआरपी आणि प्रति ग्रॅम दर बदलायला विसरू नका.

वेंगुर्ल्याचो_झील:
सीओडी पयली बंद करा. अर्धो खर्च थयच जिरता.

पुठ्ठा_चिपळूण:
अगदी बंद नको, नवीन गिऱ्हाईक बिचकतं. १०० रुपये आगाऊ घ्या, बाकी सीओडी. ज्याने शंभर भरले तो सहसा दार उघडतो. सीओडीचा आकार ठरावीक रक्कम किंवा बिलाचा टक्का, यातला जो जास्त तो लागतो, तेवढीच सूट पूर्ण पैसे आधी भरणाऱ्याला द्या. पार्सल परत आलं तर जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्या बोकांडी, वर तळलेले गरे तोवर मऊ पडलेले. निघण्याआधी पत्ता व्हॉट्सअॅपवर पक्का करून घ्या. गावातल्या गिऱ्हाइकाकडून वाडी, जवळची खूण आणि दुसरा मोबाइल नंबर.

घाटमाथा:
मुंबई-ठाण्याचा माल एकेक करून कुडाळहून का पाठवता? आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्या ऑर्डरींची एकच मोठी गोण ट्रॅव्हल्सच्या गाडीने किंवा रेल्वे पार्सलने पाठवा. तिथे विश्वासाच्या माणसाने त्या स्थानिक दराने सोडायच्या. लेबलं इथेच चिकटवून पाठवा. बंगळूर, हैदराबाद, दिल्लीचा मालही तिथूनच सोडला तर मेट्रो-ते-मेट्रोचा दर लागतो, तो कुडाळहून लागणाऱ्या दरापेक्षा बहुधा कमी असतो.

पुठ्ठा_चिपळूण:
कल्पना चांगली, पण गाडीचं भाडं, हमाली, उतरल्यावरची रिक्षा आणि तिथल्या माणसाचे पैसे धरा. ते सगळं भागिले पार्सलं. दर खेपेला १५-२० पार्सलं नसतील तर हातात फारसं काही उरत नाही. ‘आज मागवलं, उद्या निघालं’ हेही सांगता येत नाही. गणपतीच्या आगेमागे डिकीत जागा मिळणं मुश्कील, शिवाय तेव्हा चाकरमानी स्वतःच पिशव्या भरून नेतात.

घाटमाथा:
मान्य. म्हणून फक्त ठरलेल्या दिवसाची खेप, रोजची नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि माल मुंबईत साठवणार असाल तर ती जागा नोंदणीत जोडावी लागते. आला तसा त्याच दिवशी सोडणार असाल तर आपल्या सीएला विचारून घ्या. ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) मर्यादा राज्यातल्या राज्यात महाराष्ट्रात १ लाख रुपये आहे, एका गोणीत तेवढा माल बसणार नाही. अॅग्रीगेटरच्या खात्यात जीएसटी नंबर टाकलाय का तेही बघा. टाकला नसेल तर कुरिअरवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातून मिळणारी वजावट) हातचं जातं.

आणि फोटो. पॅक केलेला बॉक्स काट्यावर, आकडा दिसेल असा एक, लांबी-रुंदी-उंचीला टेप लावून तीन, लेबल फोटोत आलं पाहिजे. वजन जास्त लावल्याची तक्रार करायला मोजकेच दिवस मिळतात, त्यानंतर पैसे अॅग्रीगेटरकडच्या वॉलेटमधून (आगाऊ भरलेल्या रकमेतून) कापले जातात.

रानमेवा_कुडाळ:
दोघांचेही आभार, बॉक्सचं माप आजच बदलतो. आगळाचं काय करू? लिटरच्या बाटल्या काजूबरोबर एकाच बॉक्सात जातात.

पुठ्ठा_चिपळूण:
आधी ते वेगळं करा. एक बाटली पाझरली की काजूही फुकट आणि ओला बॉक्स परत. हवाई सेवेत सहसा द्रव घेत नाहीत, आगळ सरफेसनेच. मिठामुळे ते पाण्यापेक्षा जड असतं, लिटरची बाटली पॅकिंगसकट काट्यावर ठेवून कुठला स्लॅब लागतो ते आधी बघा. दोन बाटल्यांचा संच जेमतेम पुढच्या स्लॅबमध्ये जात असेल तर ९०० मिलीची बाटली काढा. जड ऑर्डरींसाठी अॅग्रीगेटरकडे २ आणि ५ किलोच्या स्लॅबचे वेगळे दर असतात, तीन-चार बाटल्यांना ते परवडतात.

गळती बहुतेक झाकणातून होते. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, ट्रक तापला की आतली हवा फुगायला जागा हवी. तोंडावर इंडक्शन सील (उष्णतेने चिकटणारी फॉइलची चकती), वर झाकण, झाकणाभोवती टेप, मग बाटली जाड प्लॅस्टिक पिशवीत गाठ मारून. सील केल्यावर बाटली उलटी करून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी डाग दिसला तर ती पाठवायची नाही.

जून ते सप्टेंबर या बाटल्यांना ५ प्लाय लावा, पुठ्ठा दमट हवेत ओल धरतो आणि खालचा बॉक्स दबून बसतो. हलक्या मालाला ३ प्लायवर कुरिअर बॅग चढवली तरी भागतं. टेप लावायच्या आधी पुठ्ठ्यावरून कोरडं फडकं फिरवा, दमट पुठ्ठ्यावर टेप धरत नाही आणि ट्रकमध्ये फ्लॅप उघडतात.