बडोद्यात घरी प्रवाळांची टाकी ठेवणे योग्य आहे का?

दांडियाबाजारकर:
माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. प्रवाळांना साधारण 24 ते 27 अंशांचे पाणी लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी थंड ठेवणारे यंत्र, म्हणजे चिलर, आलाच. दिवे आणि पंप धरून सरासरी 300 वॉट वीज जरी सतत लागली, तरी महिन्याला 216 युनिट होतात. पाण्याची उधळपट्टी वेगळी, कारण शहराला मिळणारे आजवा जलाशयाचे पाणी आरओतून गाळताना बरेचसे मोरीत जाते आणि उरलेल्यात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ घालून आपण समुद्र बनवतो. पण हे सारे किरकोळच म्हणा. खरा आक्षेप माशांबद्दल आहे. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती आजही समुद्रातूनच पकडल्या जातात, आणि फिलिपिन्समध्ये त्यांना गुंगी आणण्यासाठी सायनाइड वापरण्याची पद्धत 1960 च्या दशकापासूनची आहे. मासा जगलाच, तरी ते विष आसपासच्या प्रवाळांना बाधते.

रावपुऱ्याचा मत्स्यपालक:
काका, विजेचा आकडा मी नाकारत नाही. एलईडी दिव्यांनी तो कमी झाला, इतकेच म्हणेन. मात्र दोष टाकीचा नसून खरेदीचा आहे. क्लाउनफिश हा मासा आज सर्रास हॅचरीत, म्हणजे मत्स्यप्रजनन केंद्रात, वाढतो आणि आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. प्रवाळांचेही छोटे तुकडे, म्हणजे फ्रॅग, टाकीतच वाढवून हौशी लोक आपापसांत देतात, त्यामुळे प्रवाळांच्या एका मूळ वसाहतीवर अनेकांची हौस भागते. शिवाय प्रवाळ जगभर पांढरे पडत आहेत ते प्रामुख्याने समुद्राचे पाणी तापल्यामुळे, आमच्या टाक्यांमुळे नव्हे.

दांडियाबाजारकर:
फ्रॅगची पहिली वसाहत कोठून आली, हे आपण कधी विचारले आहे का? रीफ, म्हणजे प्रवाळभित्ती, बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसवले आहे. जामनगरच्या किनाऱ्यावर 1982 मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, ते याच जिवांसाठी. हौशी देवाणघेवाणीत मूळ वसाहतीचे कागद पाहतो कोण?

सयाजीगंजची वाचक:
दोघांनीही बांगाई कार्डिनल या माशाचा विचार करावा. तो मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई द्वीपसमूहाचा. नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो आणि पिल्ले जन्मस्थानापासून फारशी दूर जात नाहीत, त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे उपसले की शेजारून नवे येऊन ती जागा सहसा भरत नाही. टाक्यांच्या मागणीनेच तो संकटग्रस्त झाला. पण बंदिस्त पाण्यात त्याची वीण सहज होत असूनही समुद्रातली पकड चालू राहिली, कारण पकडलेला मासा स्वस्त पडत होता. म्हणून ‘हॅचरीत होतो’ एवढे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. विकत घेतलेला मासा खरोखर हॅचरीतलाच आहे का, हे बिलावर लिहून मागावे लागेल.

रावपुऱ्याचा मत्स्यपालक:
ताई, हे मान्य. मग हॅचरीतली क्लाउनफिशची जोडी, सिरॅमिकचे दगड आणि प्रवाळ अजिबात नाहीत, अशी टाकी काकांना चालेल का? तिला दिवेही साधे पुरतात.

दांडियाबाजारकर:
त्या टाकीला माझी हरकत विजेपुरतीच राहील. परंतु तिला रीफ म्हणू नये, आणि बिल आधी दाखवावे.