भर घातली ती आगीनं

१९०६च्या भूकंपानं सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त केलं, असं सर्रास म्हटलं जातं. थोडी दुरुस्ती सुचवतो. शहर खिळखिळं केलं भूकंपानं, पण गिळलं आगीनं. १८ एप्रिलला पहाटे ५.१२ला बसलेला मोठा धक्का जेमतेम मिनिटभराचा. आग मात्र तीन दिवस धुमसत राहिली आणि २८ हजारांच्या आसपास इमारती गेल्या.

पाण्याच्या मुख्य वाहिन्याच फुटलेल्या, अग्निशमन प्रमुख डेनिस सुलिव्हन पहिल्याच तडाख्यात जबर जखमी (चार दिवसांनी ते गेले). मग आग अडवायला घरं सुरुंगानं उडवू लागले, त्यातून नव्याच आगी लागल्या. शहरातल्या हेज व्हॅली भागात कुणीतरी न्याहारीसाठी चूल पेटवली, धुराडं तडकलेलं, आणि झालं! त्या आगीचं नावच 'हॅम अँड एग्ज फायर'.

मृतांचा सरकारी आकडा तेव्हा काही शेच होता, आता तीन हजारांहून जास्त मानतात. चायनाटाऊनमधली, म्हणजे चिनी वस्तीतली, माणसं कुणी धड मोजलीच नव्हती, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

तिकडे गेलात तर २०वा रस्ता (ट्वेंटिएथ स्ट्रीट) आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळचा बंबाचा नळ बघा. बाकीचे कोरडे पडले तेव्हा याला पाणी होतं, म्हणून मिशन भागाचा बराच हिस्सा वाचला. दर १८ एप्रिलला पहाटे लोक जमून त्याला सोनेरी रंग देतात. आणि चौकात विटांचं मोठं वर्तुळ दिसलं तर समजा, खाली आगीसाठी राखून ठेवलेली पाण्याची टाकी आहे.