मदत हवी आहे : ज्वालामुखी बघेपर्यंत कुत्रे आरव्हीत (राहायची सोय असलेल्या गाडीत), एसी बॅटरीवर किती तास चालेल?

फ्रीमाँटकर : शुक्रवारी पहाटे निघतोय, म्हणून जरा लवकर सांगा. भाड्याची आरव्ही, दोन कुत्रे, तीन दिवस. ट्रेलवर जाताना कुत्रे आत ठेवून एसी लावून जाणार. गाडी देणारा म्हणाला 'बॅटरी आहे ना'. किती तास पुरेल? बाकी सगळं बुक झालंय.

सह्यकडा : कुठला ज्वालामुखी? शास्ता, लासेन, सेंट हेलेन्स? आरव्ही किती फुटी, जनरेटर आहे का, साइटला हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) आहे का? कुत्रे केवढे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

फ्रीमाँटकर : लासेनच हो, कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान. मँझनिटा लेक कॅम्पग्राउंड. 25 फुटी क्लास सी प्रकारची आरव्ही, ओनान 4000 जनरेटर. एक लॅब (लॅब्राडोर), एक पग. प्रश्न फक्त एसीचा आहे.

चारचाकी_घर : मग आधी हिशेब बघा. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी चालताना साधारण 1,500 वॅट खातो. 12 व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे ते दिलं तर 135-140 अँपिअर ओढले जातात. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले वापरण्याजोगे 50, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. तीही इन्व्हर्टर तेवढा मोठा असेल तर, आणि भाड्याच्या गाडीत तो बहुधा नसतोच. बॅटरी दिवे, पाण्याचा पंप आणि छताचा पंखा यांच्यासाठी असते. एसीला हुकअप किंवा जनरेटरच हवा, आणि लासेनच्या आत एकाही कॅम्पग्राउंडला हुकअप नाही.

फ्रीमाँटकर : मग जनरेटर लावून चार तास ठेवतो. चालेल ना?

चारचाकी_घर : नाही. मँझनिटा लेक सुमारे 5,900 फुटांवर आहे आणि उद्यानातला रस्ता 8,512 फुटांपर्यंत चढतो. दर हजार फुटांना जनरेटरची ताकद तीनेक टक्क्यांनी घटते. 4,000 वॅटचा तिथे 3,200-3,300 वॅटचा उरतो. एसी निघेल, पण सोबत मायक्रोवेव्ह लावला की ट्रिप होणार. कार्ब्युरेटरवाला असेल तर त्याची उंचीची चकती फिरवावी लागते. नाही फिरवली तर पेट्रोल जास्त जातं, आवाज कमी-जास्त होत राहतो, धुराच्या नळीच्या तोंडाशी काळी काजळी धरते आणि मग तो बंद पडतो. गाडीची टाकी पाव भागाच्या खाली गेली तरी बंद पडतो, कारण त्याची नळी मुद्दाम तेवढ्या उंचीवर बसवलेली असते. रेडिंगला टाकी गळ्यापर्यंत भरून घ्या. कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला वेळा ठरलेल्या आहेत, त्या फलकावर वाचा.

मुकी_जनावरं : चार तास हा विचारच सोडा, पग आहे म्हणून सांगते. आखूड नाकाचा कुत्रा धापा टाकूनही अंग पुरेसं थंड करू शकत नाही. लाळ चिकट होऊन तोंडाच्या कडेला फेसासारखी साचली, जीभ जांभळट झाली, की पोटाला आणि पायांना साधं गार पाणी लावून डॉक्टरकडे धावायचं. बर्फ नको. जनरेटर बंद पडला हे तुम्हाला ट्रेलवर कळणार कसं? तापमानाचा अलार्म मोबाइल नेटवर्कवर चालतो आणि तिथे बहुतेक ठिकाणी रेंज नसते. शिवाय प्राण्याला धोका होईल अशा स्थितीत गाडीत एकटं ठेवणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, दंड संहितेचं कलम 597.7.

ओरेगनवासी : लासेन कुत्रेवाल्यांसाठी नाहीच. कोणत्याही ट्रेलवर बंदी, अगदी मँझनिटा तळ्याभोवतीच्या वाटेवरही. फक्त रस्ता, पार्किंग, पिकनिकच्या जागा, कॅम्पग्राउंड, तेही सहा फुटी पट्ट्याला बांधून. बुकिंग रद्द करा आणि ओरेगनमधल्या न्यूबेरी ज्वालामुखीला या. पॉलिना तळ्याभोवतीच्या वाटेवर कुत्रे चालतात.

सह्यकडा : बुकिंग झालंय असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आणि न्यूबेरीचा ऑब्सिडियनचा प्रवाह म्हणजे लाव्हापासून झालेली काच आहे, पंजे चिरतात. तेही सांगा.

ओरेगनवासी : त्या वाटेवर न्या असं कुठे म्हटलंय?

घाटमाथा : इतक्या लांब कशाला, आपलं लोणार आहेच की ज्वालामुखीचं विवर.

बेसॉल्ट : लोणार ज्वालामुखीचं नाही, उल्का आदळून झालेलं आहे. आदळली ती दख्खनच्या बेसॉल्टवर, आणि तो लाव्हाचा खडक असल्यामुळे हा गैरसमज पसरतो. लासेनमध्येही वाहता लाव्हा दिसणार नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. शेवटचा उद्रेक 1914 ते 1917, सर्वांत मोठा स्फोट 22 मे 1915 चा. आता बघायचं ते बंपास हेल : वाफेची भोकं, उकळता चिखल, गंधकाचा वास. फळ्यांची वाट सोडू नका, वरचा पापुद्रा पातळ असतो. ज्या बंपासच्या नावावरून ती जागा ओळखली जाते, त्याचा पाय तिथेच भाजला आणि पुढे कापावा लागला.

फ्रीमाँटकर : म्हणजे बंपास हेल बघायचंच नाही का? आई-बाबा खास पुण्याहून आलेत. त्यांना काही चालायचं नाहीये, ते गाडीतच बसणार.

मुकी_जनावरं : अहो, हे आधी लिहायचंत! मग एसीचा प्रश्नच उरला नाही. कुत्र्यांपाशी माणूस आहे.

सह्यकडा : तर असं करा. सकाळी नवाच्या आत बंपास हेलच्या पार्किंगला पोचा, नंतर 25 फुटी गाडीला जागा मिळत नाही. ट्रेल जाऊन-येऊन तीन मैल, दोन तास धरा. तो उघडलाय का ते निघण्याआधी बघा, बर्फामुळे काही वर्षी जुलैपर्यंत बंद असतो. गाडी सपाट जागी लावा, वाकडी राहिली तर गॅसवरचा फ्रिज नीट थंड करत नाही. छताचा पंखा चालू, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. तिथून पुढे दक्षिणेला सल्फर वर्क्सपर्यंत जा. तिथली वाफ रस्त्यावरून दिसते, आई-बाबांनाही दाखवता येईल.

चारचाकी_घर : जनरेटर लावलाच तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्याआधी दाबून तपासा. धुराच्या बाजूची खिडकी बंद हवी. जनरेटर बंद करायचं बटण बाबांना आदल्या दिवशी हाताने दाबून बघायला सांगा.

मुकी_जनावरं : पाणी किलोमागे दिवसाला 50-60 मिली, म्हणजे 30 किलोच्या लॅबला पावणेदोन लिटर, उन्हात जास्त. उतरवण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. हाताला सोसलं नाही तर पंजालाही सोसणार नाही. पगला गळपट्टा नको, हार्नेस घ्या.

फ्रीमाँटकर : हार्नेस आजच आणतो. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, एवढ्या उंचीवर दोन तास बसलेलं चालेल?

सह्यकडा : ते पार्किंग आठ हजार फुटांच्या वर आहे. डॉक्टरांना उद्याच फोन करा, इथल्या उत्तरावर जाऊ नका. पहिला दिवस मँझनिटालाच काढा, वर दुसऱ्या दिवशी जा. त्यांचं वय किती?