मदत हवी आहे: सोनोग्राफीनंतर पुन्हा स्तनाचा एमआरआय कशासाठी?

सायली_४६: माझ्या थोरल्या बहिणीची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झालेली असूनही डॉक्टरांनी आता स्तनाचा एमआरआय सांगितला आहे. या दोन तपासण्यांत न दिसलेले असे तिसरीत काय दिसणार आहे? परवाची वेळ मिळाली आहे, कृपया लवकर सांगावे.

निशिगंध: ताईंची बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली आहे का, आणि घराण्यात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आपण लिहिलेले नाही. त्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही.

काजवा: माझ्या मावशीची गाठ मॅमोग्राफीत दिसलीच नव्हती, ती एमआरआयमध्ये सापडली. म्हणून सर्वच स्त्रियांनी दरवर्षी एमआरआयच करावा, असे माझे ठाम मत आहे.

उंबर: हे मत मला मान्य नाही. कर्करोगाची सुरुवातीची खूण असू शकणारे कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीतच चांगले दिसतात, आणि एमआरआयमध्ये निरुपद्रवी गाठीही उजळत असल्याने विनाकारण बायॉप्सी करावी लागते. बीआरसीए जनुकात (यातील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) दोष असलेल्या किंवा तरुणपणी छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांना दरवर्षी एमआरआय सुचवतात, पण तोही सहसा मॅमोग्राफीच्या जोडीला.

रानजाई: स्तनात बसवलेले सिलिकॉनचे इम्प्लांट फुटले आहे का, हे पाहण्यासाठीही एमआरआय करतात आणि त्याला कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे, शिरेतून द्यायचे द्रव्य) लागत नाही.

सायली_४६: इम्प्लांट नाही. बायॉप्सी झाली आहे, ते लिहायचे राहिले. अहवालात लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतला) कर्करोग आहे आणि शस्त्रक्रिया ठरायची आहे.

निशिगंध: मग कारण स्पष्ट आहे. या प्रकारात पेशी एकामागे एक अशा ओळीने पसरतात, ठळक गाठ होतेच असे नाही, त्यामुळे मॅमोग्राफीत आजाराचा विस्तार कमी भासू शकतो. एमआरआयमध्ये शिरेतून दिलेले गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट कर्करोगाच्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपून तो भाग उजळवते, आणि दुसरा स्तनही त्याच वेळी पाहिला जातो.

उंबर: तरीही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील कोमिस चाचणीत, एमआरआय केल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण घटले नव्हते.

निशिगंध: त्या चाचणीत सर्व प्रकारचे कर्करोग होते, केवळ लोब्युलर नव्हते. मात्र एमआरआयमध्ये नवा डाग दिसला, तर बायॉप्सी झाल्याखेरीज शस्त्रक्रियेचा बेत बदलू देऊ नका, एवढे नक्की.

सायली_४६: तिला मधुमेह आहे. काही अडचण येईल का?

निशिगंध: हे आजच कळवा. मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास गॅडोलिनियमचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल सोबत न्या. पेसमेकर असल्यास तेही सांगा. पालथे झोपून साधारण अर्धा तास निश्चल राहावे लागते, हे ताईंना आधीच समजावून ठेवा.