मॅश: हेन्रीचा शेवटचा एपिसोड

प्रश्न: काल मॅशच्या (कोरियन युद्धातल्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलवरची टीव्ही मालिका) तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग बघितला, हॉस्पिटलचा प्रमुख हेन्री ब्लेक घरी निघतो, सगळे खूश, आणि मग त्याचा क्लार्क रडार मास्क न लावताच ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन सांगतो की हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कोणी वाचलं नाही. रात्रभर झोप नाही राव. असं का केलं असेल?

प्रतिसाद १: कारण कोरियाच्या युद्धातून सगळेच घरी पोचले नाहीत ना. १९७५ चा भाग आहे, ते शेवटचं पान बहुतेक कलाकारांना अगदी ऐनवेळी दिलं होतं.

प्रतिसाद २: मला लागलं ते म्हणजे बातमी ऐकूनही कुणाचे हात थांबत नाहीत, समोर पेशंट आहे, टाके घालायचेच. मागे कुठंतरी एक इन्स्ट्रुमेंट खाली पडतं, तो आवाज परत ऐक.

प्रश्नकर्ता: ऐकला आत्ता. अंगावर काटा आला.