मदत हवी आहे: मसाई पठारावरच्या तीन पांढऱ्या आमऱ्या, एकच की वेगवेगळ्या?

रंकाळ्याकाठी:

नमस्कार मंडळी,

यंदा पावसाळ्यात तीनदा पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाणं झालं. तिन्ही वेळा जमिनीवर उगवणारी पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. तेव्हा वाटलं, अरे वा, ओळखीची झाली! घरी येऊन तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि पंचाईत झाली. मोबाइलमधल्या ॲपला विचारलं तर त्यानं एकाच फोटोला सकाळी एक नाव दिलं, संध्याकाळी दुसरं. तिसऱ्या फोटोला तर लिली म्हणून मोकळं झालं.

पहिली आषाढाच्या सुरुवातीची. जांभ्याच्या सपाटीवर गवत अजून बोटभरही आलं नव्हतं. मातीला अगदी चिकटलेलं एकच पान, विड्याच्या पानासारखं बदामी, पण जाडसर. पावसाच्या शिंतोड्यांनी तांबडं झालेलं. त्यातून वीतभरही नाही असा दांडा आणि वर दोन फुलं.

दुसरी श्रावणातली. ही पठारावर नव्हे, कडेच्या खडकात, जिथं पाणी झिरपतं तिथल्या शेवाळात. बुडाशी चार-पाच लांबट पानं. झाड एवढंसं, पण फूल त्या मानानं चांगलंच मोठं.

तिसरी गणपती झाल्यावरची. गवतात उभी, दांड्यावर खालपासून वरपर्यंत पानं आणि वर फुलांची दाटी. गंमत म्हणजे सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून. एसटी घाटात थांबली की सगळी माणसं एकाच खिडकीतून वाकतात ना, तशी.

माझा अंदाज असा की झाड एकच, पाऊस पिऊन पिऊन मोठं होत जातं. आमचे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, पांढरं फूल ते पांढरं फूल, झुणका-भाकर थंड होतीय." पुढच्या वर्षी कॉलनीतली पोरं घेऊन जायचंय आणि ती "काकू, नाव काय?" विचारल्याशिवाय राहणार नाहीत. एक खूण आणखी आहे: श्रावणात पहिल्या जागी परत गेले, तर तेच बदामी पान होतं, फूल गेलेलं आणि दांड्यावर कंगोरे असलेली हिरवी बोंडं. उपटून बघायचं नाही, हे आधीच सांगते.

तांबडापांढरा:

तिसरी टूथब्रश आमरी, डोळे झाकून सांगतो. ब्रशचे केस कसे एका बाजूला असतात, तसंच. बाकी दोघींचं आपल्याला काय कळत नाही. दीरांचं बरोबर आहे, भाकरी गरम असतानाच खावी.

जांभ्या:

ताई, उत्तर तुमच्याच खुणेत आहे. आषाढातली श्रावणात बोंडं धरून बसली होती, म्हणजे तिचा हंगाम संपला. ती मोठी होऊन खडकात जाणार कशी? ही झाडं बहुवर्षायू खरी, पण जमिनीवरचा भाग एका पावसाळ्यापुरता. जिवंत राहतो तो खालचा कंद. या वर्षीचा कंद झिजत असताना शेजारी पुढच्या वर्षीचा भरत असतो. त्यामुळं हौसेनं उपटलं की दोन्ही वर्षं गेली.

तिघी हबेनारिया या एकाच वंशातल्या, पण तीन वेगळ्या जाती. फुलाच्या तोंडाकडं बघायच्या आधी पान बघा. जमिनीला चिकटलेलं एकच बदामी पान आणि पावसाच्या सुरुवातीची फुलं म्हणजे हबेनारिया ग्रँडिफ्लोरीफॉर्मिस. नाव झाडापेक्षा लांब आहे, इलाज नाही. दांड्यावर चढत गेलेली पानं आणि एकतर्फी फुलं म्हणजे हबेनारिया हेनियाना. तांबडापांढरा यांनी ती बरोबर ओळखली.

अडलंय ते दुसरीपाशी. खडक, शेवाळ, बुटकं झाड, मोजकी फुलं यावरून रॅरिफ्लोरा वाटते. नावाचा अर्थच विरळ फुलांची. पण सुआवेओलेन्स नावाची हिची एक बहीण आहे, तीही बुटकी, तिलाही मोजकीच फुलं. ती जास्त करून पठाराच्या उघड्या सपाटीवर, गवतासारख्या अरुंद पानांची, आणि नावाप्रमाणं गोड वासाची. आमरीच्या तीन पाकळ्यांतली एक निराळी असते, तिला ओठ म्हणतात. या दोघींत तो तीन भागांत चिरलेला असतो. बाजूचे दोन भाग दोऱ्यासारखे बारीक असतील तर रॅरिफ्लोरा. रुंद आणि कडेला दातेरी असतील तर सुआवेओलेन्स.

तुम्ही तिन्ही फोटो समोरून काढलेत. सगळेच तसं करतात, मीही दोन वर्षं तेच केलं. पण ओठाच्या मागं एक पोकळ सोंड लोंबते, ती समोरून दिसत नाही. तिच्या तळाशी मध असतो आणि रात्री लांब जिभेचे पतंग तो प्यायला येतात. हबेना म्हणजे लॅटिनमध्ये चामड्याची पट्टी, लगाम. वंशाचं नाव त्यावरूनच. कोल्हापूरच्या माणसाला वादी म्हणजे काय हे सांगायला नको. लाँगिकॉर्निक्युलाटा नावाची उंच पांढरी आमरी आहे, तिची सोंड बोटापेक्षा लांब असते; एकदा बाजूनं बघितली की परत चुकत नाही. दुसरीचा बाजूनं काढलेला फोटो आहे का?

रंकाळ्याकाठी:

फोटो नाही, पण पुतण्यानं काढलेला व्हिडिओ सापडला. त्यात तो माझी छत्री उडाल्यावर हसतोय आणि कोपऱ्यात दोन सेकंद फूल दिसतंय, ते पण बाजूनं! थांबवून मोठं केलं. सोंड आहे, खाली वाकलेली. ओठाचे बाजूचे भाग अगदी शेवयांसारखे, दाते वगैरे काही नाहीत. वास घेतला नव्हता. वाऱ्यात आला नसताच. एक शंका: फुलाचा देठ पिळल्यासारखा दिसतोय, तो मोडलाय का?

जांभ्या:

शेवया म्हणजे रॅरिफ्लोरा, बिनधास्त लिहा.

आणि तो देठ नाही, तिथंच बोंड धरणार आहे, तो बीजकोश. आमरीचं फूल उमलताना अर्धा वळसा घेतं, म्हणून ओठ खाली येतो आणि पतंगाला उतरायला जागा होते. पीळ त्याचाच. पोरांना नाव नाही सांगितलं तरी चालेल, हा पीळ दाखवा.

एक विनंती. पहिल्या फोटोत मागची वाट आणि देवळाचा कळस दिसतोय. जुलैत पन्हाळा-विशाळगड मोहिमेची गर्दी त्याच बाजूनं जाते. जागा ओळखू येईल असं काही ठेवू नका. पायाखाली जातातच, वर घरच्या कुंडीसाठीही उपटली जातात, आणि कुंडीत ती सहसा जगत नाहीत.

रंकाळ्याकाठी:

फोटो कापून परत टाकलाय, आता पान आणि माझा अंगठा एवढंच दिसतंय. दीरांना तीन नावं वाचून दाखवली. ते म्हणाले, "टूथब्रश तेवढी लक्षात राहील."